नऊ नंबरची तख्ती

फोरमनसाब मला कळले होते, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. इंदूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्यांच्या हातचा अति गोड चहा शेकडो वेळा प्यायलो, त्यांच्या दोन आजारपणांत धावपळ केली, आणि त्यातल्या पहिल्या वेळी शहाणपणा करायला जाऊन त्यांना चांगलंच गोत्यात आणलं. तरी आजही कुणी विचारलं, की बाबा रे, हा माणूस नेमका होता कसा, तर मी आधी डोकं खाजवतो.

छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. पोलोग्राउंडवरच्या एका लहानशा कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना ‘फोरमनसाब’च म्हणत. मी काका म्हणायचो. ते मला पहिल्या दिवसापासून इंदुरी ढंगात ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणत आणि अहो-जाहो करत. मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होतो, पण त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

मी साताऱ्याहून बदली होऊन आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दोन किल्ल्या ठेवल्या आणि त्यांच्यावर दोन लाल पत्रे ठेवले. पत्त्याएवढे, कडा घासून गुळगुळीत केलेले, वर अडकवायला तारेचा आकडा. एका बाजूला पांढऱ्या रंगात ‘बंद’ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ठोकून उमटवलेला नऊचा आकडा.

“ही तुमची तख्ती,” ते म्हणाले. “नंबर नऊ. अपना नंबर एक. बायकोचा दोन होता, बेटीचा तीन. बाकी किरायेदार येत गेले, जात गेले.”

“पण हिचं करायचं काय?”

“कोणतीही चीज बिगडली, तुम्ही ती दुरुस्त करून राहिलात, की तिच्यावर आपली तख्ती लटकवायची. मतलब कोणी हात नाही लावायचा. आणि काम झालं की काढायची कोणी?”

“कुणी?”

“ज्यानी लावली त्यानी. फक्त त्यानी. बाकी दुनिया इकडची तिकडे झाली तरी नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे मला कळलं की त्यांच्या कारखान्यात ही शिस्त होती. मशीन दुरुस्तीला घेतलं की कारागीर आपल्या नंबरची तख्ती त्याच्या खटक्यावर लटकवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये. ठीक आहे, कारखान्यात ठीक आहे. पण फोरमनसाबांनी ती शिस्त घरी आणली होती आणि ती कुठे थांबवायची, हे मात्र कारखान्यातच विसरून आले होते. कूलरवर तख्ती. गळक्या नळावर तख्ती. मुरायला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवर तख्ती, आणि ती काढेपर्यंत घरात कुणाची बोट बुडवायची टाप नव्हती. माझी स्कूटर पंक्चर झाली, तेव्हा मी खाली उतरायच्या आत तिच्या आरशाला एक नंबर लटकत होता. एका दुपारी तर मी खाली गेलो, तर फोरमनसाब आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले आणि त्यांच्याच शर्टाच्या बटणाला तख्ती. मी पाय न वाजवता परत वर आलो. मला हसू येत होतं आणि आपण नक्की कुठे राहायला आलोय, हेही समजत नव्हतं.

एकदा मी गंमत म्हणून कूलरवरची त्यांची तख्ती काढून त्यांच्या हातात द्यायला गेलो. त्यांचा चेहरा एकदम पडला. ओरडले असते तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यांनी तख्ती घेतली, परत आकड्यानं लटकवली, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “भिया, हे नाही करायचं. बाकी काही पण करा.” मी पुन्हा केलं नाही.

त्यांच्या औषधांचंही तसंच. खिळे-स्क्रू ठेवायचं छोट्या खणांचं प्लास्टिकचं कपाट असतं ना, ते त्यांनी भिंतीला ठोकलं होतं आणि त्यात गोळ्या ठेवल्या होत्या. खणांवर लिहिलं होतं: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. पहिल्या पाळीला उठल्याउठल्या थायरॉईडची, मग न्याहारीनंतर बीपीची. या बीपीच्या गोळीतच शरीरातलं जादा पाणी काढायचं औषधही होतं. दोन्ही वेळच्या जेवणानंतर शुगरची. शिवाय एक गुडघ्याची गोळी. ती कुणी लिहून दिलेली नव्हती, मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानंच आणलेली. दाराशी लोखंडाची एक पट्टी टांगली होती. पाळी झाली की फोरमनसाब तिच्यावर पान्यानं एक टोला हाणत, आणि गल्लीला कळायचं, की साहेबांनी गोळी घेतली. कित्येक घरांत त्या टोल्यावर मुलांना शाळेला पिटाळत.

“अकरा साल,” ते मला दर आठवड्याला एकदा तरी सांगत. “अकरा साल झाले, भिया. एक दिवसाचा नागा नाही.”

आणि मग उन्हाळ्यात ते एका लग्नाला गेले. दुपारच्या उन्हातली पंगत, दाल-बाफले, वर लाडू, आणि कुणास ठाऊक कुठलं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडाच्या पट्टीवर टोला पडला, पण हलकाच. मी खाली गेलो तर फोरमनसाब भिंत धरून संडासातून बाहेर येत होते.

“काही नाही. थोडं पेट खराब झालं.”

थोडं नव्हतं. दुपारपर्यंत आठ-नऊ वेळा झालं, आणि उलट्या वेगळ्याच. मी लिंबू-साखर-मिठाचं पाणी करून देत होतो, ते दोन घोट घेऊन भांडं बाजूला ठेवत होते. पण जेवणाची वेळ झाली, तसे न जेवताच कपाटापाशी गेले आणि शुगरची गोळी काढली.

“काका, पोटात काही नाहीये तुमच्या.”

“मशीन खराब झाली म्हणून तेल देणं बंद करतात का कोणी?” ते म्हणाले आणि गोळी तोंडात टाकली.

मी वर जाऊन विचार करत बसलो आणि जितका विचार केला तितका जास्त गोंधळलो. रिकाम्या पोटी शुगरची गोळी चालते का? नाही घेतली तर शुगर वाढेल. घेतली तर उतरेल. आणि बीपी? मी बडोद्याला त्यांच्या मुलीला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, “भाऊ, बीपीची गोळी कधीच चुकवायची नाही. बाबांना सांगा, काही झालं तरी घ्या.” मेडिकलवाला म्हणाला, “घेऊ द्या, रोजकी है ना, काय फरक पडतो.” मोबाइलवर वाचायला गेलो तर एके ठिकाणी बंद करा, दुसरीकडे चुकूनही बंद करू नका. मी दोन्ही वाचलं आणि दोन्ही पटलं.

डॉक्टरांना विचारावं, हे मला का सुचलं नाही, ते आजही सांगता येत नाही. मला वाटत होतं, आजार एवढासा, हगवण तर आहे, त्यासाठी डॉक्टर कशाला. आणि रोजच्या गोळ्या म्हणजे रोजच्याच. त्यांचा नि आजच्या आजाराचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बीपीची गोळी घेतली आणि पाचच मिनिटांत उलटी झाली. आता आली का पंचाईत! गोळी आत राहिली की बाहेर गेली? ते नागा होऊ देणार नाहीत, म्हणून माझ्याकडे बघत होते. मीही शहाणपणानं म्हणालो, “बाहेरच गेली असणार काका, एक अजून घ्या.” घेतली त्यांनी. वर अंग दुखतंय म्हणून गुडघ्याचीही घेतली. मीच पाणी दिलं.

अकराच्या सुमाराला ते खुर्चीतून उठायला गेले आणि परत बसले. ओठ कोरडे पडले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सकाळपासून लघवी झालेलीच नाही, हे तेव्हा कळलं. मी हात धरला तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तख्ती कुणी काढली?”

“कुठली तख्ती, काका?”

“मी विचारून राहिलो, तख्ती कुणी काढली?”

मी चटकन आजूबाजूला पाहिलं. घरात त्या दिवशी कुठेच तख्ती लटकत नव्हती. ते भलत्याच कुणाशी तरी बोलत होते. रिक्षा बोलावली आणि त्यांना गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई गल्लीतल्याच, वयानं पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी बीपी घेतलं, तर इतकं खाली की त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या.

“गोळ्या काय काय घेतल्या?”

मी सांगितलं. सकाळची दोनदा, हेही सांगितलं.

“अहो, शरीरात पाणी उरलं नाहीये, आणि तुम्ही ऊपरसे पाणी काढणारी गोळी देताय, तीही डबल! बीपी आधीच उतरलंय, त्याला आणखी खाली ढकलताय. किडनीला रक्त कमी पोचतंय. शुगरची ही गोळी किडनीतूनच बाहेर जाते. किडनी थकली तर ती जाणार कुठून? आत साठत बसते. आणि ही गुडघ्याची तर किडनीच्या मुळावरच.” त्यांनी गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला. “ही मला विचारल्याबिगर परत नाही मिळायची.”

संध्याकाळपर्यंत फोरमनसाबांना माणसं ओळखू यायला लागली. किडनीचा आकडा वाढला होता, पण वेळेत आलात, सुधारेल, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वच्छ सांगितलं. बीपीची आणि शुगरची गोळी आजपासून बंद. थायरॉईडची चालू. उलट्या-जुलाब थांबले, खाणं-पिणं रोजच्यासारखं झालं, की तसे एक-दोन दिवस जाऊ द्यायचे आणि दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. विसरायचं नाही.

“आणि हे काकाजींपुरतं आहे हं,” त्या मला दारात म्हणाल्या. “गल्लीत वाटत सुटू नका. कुणी इन्सुलिनवर असतं, कुणी स्टिरॉइडवर, त्यांनी मनानं बंद केलं तर जीवावर बेतेल. आजारी पडलं की पहिल्याच दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, माझ्या गोळ्यांचं काय करू. इतकी छोटीशी बात आहे.”

इतकी छोटीशी बात. पण घरी आल्यावर फोरमनसाबांनी कपाटाकडे पाहिलं आणि हटूनच बसले. “नाही भिया. अकरा साल. नागा नाही.” मी समजावलं, चिडलो, हात जोडले. ते डॉक्टरीणबाईंना मानत होते, पण त्यांचा हात गोळीकडे जातच होता. तेव्हा माझ्या डोक्यात ती आयडिया आली. मी वर धावत गेलो, माझ्या दोन्ही तख्त्या घेऊन आलो आणि एक बीपीच्या खणाला लटकवली, एक शुगरच्या.

फोरमनसाबांचा हात जागच्या जागी थांबला.

“नंबर नऊ,” मी म्हणालो. “दुरुस्ती चालू आहे.”

त्यांनी चष्मा लावून दोन्ही लाल पत्र्यांवरचे आकडे वाचले. मग म्हणाले, “बरोबर. ठीक आहे.” आणि आत जाऊन झोपले. मी स्वतःवर भलताच खूष झालो. तोवर चार वर्षांतली दोन झाली होती आणि मला वाटलं, आपल्याला या माणसाची किल्ली सापडली.

दोन दिवसांनी त्यांचं पोट थांबलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मूगडाळीची खिचडी पोटभर खाल्ली. चौथ्या दिवशी मला भोपाळला ऑफिसच्या ट्रेनिंगला जायचं होतं, आठवड्यासाठी. निघताना मी म्हणालो, “काका, अजून एक दिवस नीट जेवा आणि परवापासून गोळ्या सुरू करा.” त्यांनी मान हलवली. मी मान बघितली आणि बॅग उचलली.

भोपाळला रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. असा फोन त्यांनी आधी कधी केला नव्हता.

“काय म्हणता भिया, कधी येणार?”

“शनिवारी, काका. तब्येत कशी आहे?”

“बढिया. जेवून राहिलो. तुम्ही आरामात या. घाई नका करू.”

दुसऱ्या दिवशी तेच. कधी येणार? शनिवारी. घाई नका करू. तिसऱ्या दिवशीही तेच. मला भरून यायचं. एकटा माणूस, मुलगी लांब, आजारातून उठलेला, त्याला आपली सवय झाली, असं मी समजत होतो. बरोबरच्या लोकांना मी कौतुकानं सांगितलंसुद्धा, की माझे घरमालक माझी वाट बघतात.

वाट तर ते बघतच होते.

शनिवारी दुपारी मी पोचलो. फोरमनसाब दारातच खुर्ची टाकून बसले होते, एक हात कपाळावर. चेहरा लालबुंद. पायांवर सूज, चपलेचे पट्टे रुतून वळ उठलेले. समोर पेपर होता, पण अक्षरं हलतात म्हणून उलटा करून ठेवलेला.

“आलात,” ते म्हणाले. आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. “चला, आता काढा.”

“काय काढा?”

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. माझ्या दोन्ही तख्त्या मी लावल्या तशाच लटकत होत्या.

आठवडाभर! आठवडाभर त्यांनी बीपीची नाही, शुगरची नाही, एकही गोळी घेतली नव्हती. मी तख्त्या ओढून काढल्या आणि त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. या वेळी बीपी इतकं वर होतं, की डॉक्टरीणबाईंनी पट्टा पुन्हा दोनदा बांधला. शुगर रोजच्या दुपटीच्या वर गेली होती. त्यांनी आम्हा दोघांना जे झाडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं बरंचसं माझ्या वाट्याचं होतं आणि ते रास्तच होतं. आधी मी नको तेव्हा गोळी घ्यायला लावली, आणि मग हवी तेव्हा घेऊ दिली नाही.

दोन दिवसांनी त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. दुपारी आम्ही समोरासमोर चहा घेत बसलो होतो. मी न राहवून म्हणालो, “काका, फोनवर एका शब्दानं सांगायचं होतंत. मी तिथूनच म्हटलं असतं, काढा.”

“ज्याची तख्ती त्याला घाई नाही लावायची. घाईमध्येच हात जातात.”

“पण ही गोळी आहे! मशीन नाही!”

त्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला. मग सांगितलं.

तेव्हा ते तिशीतले असतील. नुकतेच फोरमन झालेले. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर एका फिटरची तख्ती सकाळपासून लटकलेली, वरून मालाची घाई, साहेब दोनदा ओरडून गेलेला. यांनी वाकून पाहिलं, कुणी दिसलं नाही. वाटलं, गेला जेवायला, तख्ती काढायला विसरला. यांनी ती काढली आणि खटका दाबला.

“तो मागच्या बाजूनी होता,” फोरमनसाब म्हणाले. “हात आत होता त्याचा.”

तीन बोटं गेली. कारखान्यानं त्या फिटरला पुढे गेटवर बसवलं. फोरमनसाब रोज सकाळी त्याच गेटमधून आत जायचे.

“रोज हात उचलून नमस्ते करायचा मला. त्याच हातानी. वीस साल. कधी एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.”

कूलरवरची तख्ती मी गंमत म्हणून काढली होती, ते आठवलं आणि लाज वाटली.

“ही गोळी आहे, हे मला मालूम आहे, भिया,” ते शेवटी म्हणाले. “डोक्याला मालूम आहे. हाताला नाही.”

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. एका कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: उलट्या, जुलाब, तापात खाणं-पिणं सुटलं, तर त्याच दिवशी मला फोन. कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही. परत कधी सुरू करायची. आणि खाली एक ओळ: तख्ती कोण काढणार. त्या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं ‘काकाजी’ लिहिलं. फोरमनसाबांनी कागद चष्मा लावून वाचला, कपाटाला चिकटवला, आणि मग ‘काकाजी’वर काट मारून तिथे नऊ लिहिलं. मी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. मी माझी बदली होईपर्यंत इंदूर सोडायचं नाही, एवढं मनाशी ठरवून टाकलं.

पण असं ठरवून काय होतं. दीड वर्षानं फोरमनसाबांना ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. या वेळी पहिल्याच दिवशी फोन झाला, बाईंनी त्याच दोन गोळ्या थांबवल्या, मी तख्त्या लटकवल्या, सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून फोन आला, की आई अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. फोरमनसाबांचा ताप उतरला होता, पेज जात होती. मी तख्त्यांकडे पाहिलं. काढाव्यात तर खाणं अजून पुरतं सुरू झालेलं नाही, न काढाव्यात तर मी चाललोय. त्यांनीच मला दाराकडे ढकललं. “आई पडली आहे ना? मग जा. इथे कशाला उभे?”

आईचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. फोन वाजला. मला वाटलं, आता विचारतील, कधी येणार. आणि मला तर अजून पंधरा दिवस हलता येणार नव्हतं.

“भिया,” ते म्हणाले. “आई कशी आहे?”

“बरी आहे. काका, तुम्ही जेवताय ना?”

“दोन दिवस झाले. काल पोळी पण खाल्ली. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, बीपी बघितलं. म्हणाल्या, सुरू करा.”

“मग काढा, काका. मी सांगतोय. माझी तख्ती आहे, मी सांगतोय, काढा.”

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहिली. घाई लावायची नाही, एवढं आता मला कळत होतं.

“तुम्ही कुठे आहात?” त्यांनी विचारलं.

“साताऱ्याला. हॉस्पिटलात.”

“मशीनजवळ कोणी नाही?”

मी उगाच व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणालो, “कुणी नाही, काका.”

“मागच्या बाजूनी?”

“मागच्या बाजूला पण नाही.”

“हात?”

“माझ्यापाशी आहेत. दोन्ही.”

“बोटं मोजून सांगा.”

मी फोन खांद्यात धरला आणि दोन्ही हात समोर पसरले. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. शेजारची बाई पदर सावरून थोडी लांब सरकली.

“दहा,” मी म्हणालो. “पूर्ण दहा आहेत, काका.”

पलीकडून पत्र्याची तख्ती काढून ठेवल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळानं आणखी एकदा. मग पाण्याचा घोट. आणि मग लोखंडाच्या पट्टीवर पान्याचा टोला पडला, दुपारी चारला, कुठलीच पाळी नसताना.